पोस्टग्रेसचं वॉल दुसऱ्या डिस्कवर हलवायचंय? आधी क्रम पक्का करा

पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक बदल डेटा फाइलमध्ये उतरवण्याआधी वॉल (राइट-अहेड लॉग) या नोंदवहीत लिहितो, आणि ती पीजी_वॉल डिरेक्टरीत असते. ती दुसऱ्या डिस्कवर हलवण्याचं काम दिसायला चार ओळींचं आहे. सर्व्हर थांबवा, पीजी_वॉल डिरेक्टरी नव्या डिस्कवर न्या, जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे बोट दाखवणारी लिंक) ठेवा, सर्व्हर सुरू करा. या चार ओळी कुठेही मिळतात आणि त्यांच्या भरवशावरच मंडळी फसतात. मी बसतो ठाण्यात, वागळे इस्टेटला. सर्व्हर असतात नवी मुंबईत, महापे-रबाळ्याच्या रॅकमध्ये. या विषयावर येणारे फोन बहुतेक एकाच जातीचे असतात: "दादा, शनिवारी हलवलं, छान चाललं होतं, आज रीबूट झाला आणि उठतच नाहीये." कॉपी करण्यात सहसा कुणी चुकत नाही. चुका होतात थांबवण्याच्या आधी आणि सुरू केल्याच्या नंतर.

पुढचं सगळं लिनक्सवरच्या पोस्टग्रेसबद्दल आहे, आवृत्ती १० आणि त्यापुढच्या. त्याआधी या डिरेक्टरीचं नाव पीजी_एक्सलॉग होतं. उदाहरणं आवृत्ती १६ आणि डेबियन-उबुंटूची आहेत. कमांडची नावं इथे आपण बोलतो तशी लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थात मूळ स्पेलिंग.

टप्पा १: हलवण्याआधी, ती फुगली का ते बघा

निम्म्या लोकांना हलवायचं असतं कारण डिस्क भरत चाललीय. मग आधी कारण शोधा, नाहीतर तुम्ही २०० जीबीची नवी डिस्क लावाल आणि महिन्याभरात तीही भरेल.

वॉलचे सेगमेंट, म्हणजे ज्या फाइलींत ते लिहिलं जातं त्या, मुळात १६ एमबीचे असतात. मॅक्स_वॉल_साइज ठरवलेलं नसेल तर १ जीबी असतं. पण ही मर्यादा मऊ आहे, लोखंडी नाही. लिखाणाचा जोर वाढला की डिरेक्टरी ती सहज ओलांडते. पीजी_वॉल ४० जीबी झाली असेल आणि मॅक्स_वॉल_साइज २ जीबी असेल, तर दोन संशयित आहेत:

– पडीक रेप्लिकेशन स्लॉट. स्लॉट म्हणजे रेप्लिकासाठी (दुसऱ्या मशीनवरच्या चालत्या प्रतीसाठी) वॉल राखून ठेवणारी नोंद. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स व्ह्यूमध्ये ज्याचं 'ॲक्टिव्ह' फॉल्स आहे आणि रीस्टार्ट_एलएसएन (वॉलमधल्या ज्या जागेपासून पुढचं राखायचं, ती) फार मागे आहे, तो. कुणीतरी चाचणीसाठी रेप्लिका लावलेली असते, मशीन काढून नेलेलं असतं, स्लॉट तसाच. मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज (आवृत्ती १३ पासून) न ठरवल्यास मर्यादाच नसते. स्लॉट जुनं वॉल अडवून ठेवत राहतो.

– नापास होणारी आर्काइव्ह कमांड, म्हणजे भरलेले सेगमेंट दुसरीकडे जपून ठेवणारी. पीजी_स्टॅट_आर्कायव्हर बघा. फेल्ड_काउंट चढतोय आणि लास्ट_आर्काइव्ड_टाइम काल-परवाची आहे? मग वॉल साचणारच.

इशारा: पीजी_वॉलमधल्या फाइल हाताने पुसू नका. एकही नाही. "जुन्या तारखेच्या आहेत" हे कारण चालत नाही. पोस्टग्रेस सेगमेंट नाव बदलून पुन्हा वापरतो, त्यामुळे तारखेवरून काहीच ठरत नाही. जुन्या नावात 'लॉग' दिसायचं म्हणून ही डिरेक्टरी साफ करणारे क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) मी पाहिले आहेत. आवृत्ती १० ला नाव बदललं ते याच रोगावर.

कारण मिटवूनही वेगळी डिस्क हवी असेल, तर पुढे या. वेगळी ठेवण्याचा फायदा खरा आहे: पीजी_वॉलची डिस्क भरली की सर्व्हर पॅनिक होऊन बंद पडतो, आणि डेटा वाढल्यामुळे वॉलचा गळा आवळला जाऊ नये हे रास्तच आहे. पण एकाच भौतिक डिस्कचे दोन पार्टिशन करून वेगाची अपेक्षा धरू नका. त्याने जागा वेगळी होईल, वेग वाढणार नाही.

टप्पा २: डिस्क किती मोठी आणि कशी

अंदाजाने घेऊ नका, मोजा. गर्दीच्या वेळी पीजी_करंट_वॉल_एलएसएन (वॉल कुठवर लिहून झालं ते) घ्या, तासाभराने पुन्हा घ्या, पीजी_वॉल_एलएसएन_डिफने फरक काढा. समजा तासाला ६ जीबी आलं. आर्काइव्हचं स्टोरेज रात्री १० ला पडलं आणि सकाळी ८ पर्यंत कुणी बघितलं नाही, तर १० तासांचे ६० जीबी साचणार. वर मॅक्स_वॉल_साइजच्या तिप्पट-चौपट आणि थोडी मोकळी जागा सोडा. म्हणजे इथे १०० जीबीच्या खाली जाण्यात अर्थ नाही.

मोजायची दुसरी गोष्ट म्हणजे एफसिंक, म्हणजे लिहिलेलं प्रत्यक्ष डिस्कवर उतरवून घेणं. कमिट परत येतं ते वॉल डिस्कवर खरोखर उतरल्यावर, म्हणून इथे मेगाबाइट-पर-सेकंदपेक्षा एका एफसिंकला लागणारा वेळ महत्त्वाचा. पीजी_टेस्ट_एफसिंक हे साधन पोस्टग्रेससोबतच येतं. 'हायफन एफ' देऊन नव्या डिस्कवरची फाइल दाखवा, मग जुन्या डिस्कवरची, आणि आकडे शेजारी ठेवा. नवी डिस्क हळू निघाली तर इथेच थांबा. उलट साध्या फिरत्या डिस्कवर सेकंदाला हजारो एफसिंक दिसले, तर आनंद मानू नका. डिस्क "लिहिलं" म्हणून खोटं सांगत असण्याची शक्यता जास्त, आणि वीज गेल्यावर ते खोटं उघडं पडतं.

टप्पा ३: माउंट. सगळी गंमत इथेच आहे

नवी डिस्क /वॉलडिस्क इथे माउंट करायची, म्हणजे त्या डिरेक्टरीवर चढवायची, असं धरू. सिमलिंक कधीही थेट /वॉलडिस्ककडे दाखवू नका. आत उपडिरेक्टरी करा, /वॉलडिस्क/१६-मेन/पीजी_वॉल, आणि लिंक तिच्याकडे न्या.

एक्स्ट४ असेल तर माउंटच्या मुळाशी लॉस्ट+फाउंड बसलेली असते, हे किरकोळ कारण. खरं कारण माझ्याच एका चुकीत आहे. मी लिंक थेट माउंट पॉइंटकडे दिली होती, आणि त्याआधी डिस्क न चढवताच माउंट पॉइंटची मालकी पोस्टग्रेस युजरला देऊन बसलो होतो. पुढच्या रीबूटला डिस्क चढलीच नाही. माउंट पॉइंट म्हणून जी रिकामी डिरेक्टरी राहिली, ती पोस्टग्रेसला आपलीच वाटली. त्याने आत पाहिलं, काही नव्हतं, आणि लॉगमध्ये ओळ उमटली: वैध चेकपॉइंट रेकॉर्ड (इथपर्यंतचे बदल डेटा फाइलमध्ये उतरले, अशी वॉलमधली खूण) सापडत नाही. डेटा सगळा शाबूत, वॉल सगळं शाबूत, फक्त डिस्क चढलेली नाही. पण ती ओळ वाचून रात्रपाळीच्या मुलाने पीजी_रीसेटवॉल (जुनं वॉल टाकून देणारी कमांड) टाइप करून ठेवलं होतं आणि एंटर मारण्याआधी, नशिबाने, मला फोन केला. ती कमांड चालली असती तर शाबूत डेटाबेसचं आम्हीच भजं केलं असतं.

उपडिरेक्टरी असती तर? डिस्क नाही म्हणजे उपडिरेक्टरीही नाही, लिंक हवेत लटकते, आणि पोस्टग्रेस सरळ सांगतो की पीजी_वॉल डिरेक्टरी अस्तित्वात नाही. या संदेशाने कुणी घाबरून रीसेट करत नाही, डिस्क शोधतो.

क्रम असा:

१. डिस्क माउंट करण्याआधी रिकामी /वॉलडिस्क बनवा, मालकी रूटचीच ठेवा. मी तिच्यावर 'चॅटर प्लस आय'सुद्धा लावतो. मग डिस्क चढलेली नसताना तिथे कुणी काही लिहूच शकत नाही.

२. एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठे चढवायची, ती यादी) यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने, नोंद करा. एसडीबी, एसडीसी ही नावं रीबूटला अदलाबदल होऊ शकतात.

३. 'नोफेल' पर्याय द्या. तो नसेल आणि डिस्क आली नाही, तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं, एसएसएच मिळत नाही आणि ट्रान्स-हार्बर पकडून घणसोलीला उतरा, पुढे रिक्षा, गेटवर ओळखपत्र असं सगळं सुरू होतं.

४. नोफेल दिलं म्हणजे पोस्टग्रेसला "डिस्क आल्याशिवाय उठू नकोस" हे वेगळं सांगावं लागतं. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) सर्व्हिसमध्ये सिस्टमसीटीएल एडिटने युनिट विभागात रिक्वायर्स-माउंट्स-फॉर ही ओळ घाला, समोर /वॉलडिस्क. डेबियनवर ही भर पोस्टग्रेसक्यूएल@१६-मेन या सर्व्हिसला घालायची. नुसती पोस्टग्रेसक्यूएल नावाची सर्व्हिस तिथे नामधारी आहे. तिला काहीही सांगा, प्रत्यक्ष सर्व्हरला कळत नाही. नंतर डेमन-रीलोड.

५. डिस्क माउंट करा, उपडिरेक्टरी बनवा, मालक पोस्टग्रेस, परवानगी ७००.

तपासणी: अनमाउंट करा आणि 'माउंट हायफन ए' चालवा. डिस्क एफएसटॅबच्या नोंदीवरून परत चढली पाहिजे. हाताने माउंट केलेली डिस्क बघून "झालं" म्हणू नका.

रेड हॅट घराण्यातलं मशीन असेल तर एसईलिनक्सचं (परवानग्यांवरची जादा सुरक्षा) लेबलही आत्ताच लावा: सीमॅनेजने नव्या मार्गाला पोस्टग्रेसक्यूएल_डीबी_टी आणि मग रीस्टोरकॉन. हे विसरलात तर परवानग्या अचूक असूनही 'परमिशन डिनाइड' येईल. मग कुणीतरी वैतागून एसईलिनक्सच बंद करतं. तसं करू नका.

टप्पा ४: वेळ ठरवणं

"रात्री २ ला कुणी नसतं" हे गृहीत धरू नका. माझा एक ग्राहक तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या भाजीपाल्याच्या गाळ्यांना बिलिंग पुरवतो. तिथे रात्री २ म्हणजे ट्रक लागायची वेळ, आणि दुपारी ३ ला शुकशुकाट. ग्राहकाला विचारा, आलेख बघा.

प्रत्यक्ष बंद काळ लहान असतो; काही जीबी वॉल कॉपी व्हायला मिनिटं लागतात. तरी एक तास मागून घ्या, कारण त्यात रीबूटची चाचणी बसवायची आहे. आधी ताजा बॅकअप घ्या. आणि तो रीस्टोर होतो हे पाहिलेलं असू द्या.

पॅट्रोनीसारखं काही सर्व्हरवर नजर ठेवून असेल तर त्याला आधी पॉज करा. नाहीतर तुम्ही थांबवाल, ते उठवेल, आणि तुमची कॉपी अर्धवट असताना सर्व्हर जुन्या जागी लिहायला लागेल.

टप्पा ५: थांबवा, आणि खरंच थांबला का ते बघा

थांबवण्याआधी एकदा चेकपॉइंट कमांड द्या. बंद व्हायला कमी वेळ लागतो. मग सर्व्हिस स्टॉप. पीजी_सीटीएल वापरत असाल तर फास्ट मोड, जो ९.५ पासून आपसूक असतो. इमिजिएट मोड नको, 'किल हायफन ९' तर नाहीच.

तपासणी, तीन:

– पोस्टग्रेस युजरची एकही सर्व्हर प्रोसेस पीएसमध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) दिसू नये.

– डेटा डिरेक्टरीत पोस्टमास्टर.पीआयडी नसावी.

– पीजी_कंट्रोलडेटा चालवा. (डेबियनवर ते पाथमध्ये नसतं, आवृत्तीच्या लिब डिरेक्टरीतल्या बिनमध्ये सापडेल.) 'डेटाबेस क्लस्टर स्टेट'समोर 'शट डाउन' हवं. स्टँडबाय (मुख्य सर्व्हरच्या मागोमाग चालणारी रेप्लिका) असेल तर 'शट डाउन इन रिकव्हरी'.

तिथे 'इन प्रॉडक्शन' असेल तर सर्व्हर एकतर चालू आहे किंवा आडवा पडलेला आहे. तुम्हीच थांबवला असेल आणि तरी हे दिसत असेल, तर पुन्हा सुरू करा, नीट उठू द्या, नीट थांबवा. डिस्क भरल्यामुळे तो आधीच पडला असेल आणि उठतच नसेल, तर मात्र हलवणं हाच उपाय असू शकतो. एकही प्रोसेस नाही याची खात्री करा, संपूर्ण डेटा डिरेक्टरीची वॉलसकट प्रत बाजूला काढा, आणि मगच पुढे जा. अशा वेळी सेगमेंटन् सेगमेंट पोचला पाहिजे. सुरू झाल्यावर तो रिकव्हरी करेल, त्याला वेळ लागेल, मध्ये हात घालू नका.

त्याच पीजी_कंट्रोलडेटात 'लेटेस्ट चेकपॉइंट्स रीडू वॉल फाइल' अशी ओळ आहे. समोरचं २४ अक्षरी नाव कागदावर लिहून ठेवा. लागणार आहे.

टप्पा ६: कॉपी करा, 'एमव्ही' नको

दोन फाइलसिस्टममधलं एमव्ही म्हणजे कॉपी करून मूळ पुसणं. मध्येच काही झालं तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे. पोस्टग्रेस युजर होऊन आरसिंक 'हायफन ए' वापरा, आणि स्रोताच्या शेवटी तिरकी रेघ द्यायला विसरू नका. ती राहिली की पीजी_वॉलच्या आत आणखी एक पीजी_वॉल तयार होते. आर्काइव्ह_स्टेटस ही उपडिरेक्टरीही जायला हवी. कुठले सेगमेंट आर्काइव्ह झाले याचा हिशेब तिच्यात असतो.

सर्व्हर चालू असतानाच एक फेरी मारून ठेवायची आणि बंद केल्यावर फरक तेवढा न्यायचा, ही युक्ती काही जण करतात. वॉल ५० जीबी असेल तर ठीक, पण दुसऱ्या फेरीत डिलीट आणि चेकसम दोन्ही पर्याय द्या. २-३ जीबीसाठी ही हुशारी नको.

तपासणी: आरसिंक 'हायफन एएनसीआय'ने, डिलीट पर्यायासह, पुन्हा चालवा. हा फक्त तुलना करतो, काही हलवत नाही. एकाही फाइलचं नाव येऊ नये. मग कागदावरची २४ अक्षरी फाइल नव्या जागी आहे का, बघा. ती नसेल तर सर्व्हर सुरू करायचा नाही.

टप्पा ७: जुनी बाजूला, लिंक जागेवर

जुनी पीजी_वॉल पुसू नका, नाव बदला. पण पीजी_वॉल_जुनी असं नाव देऊन डेटा डिरेक्टरीतच ठेवू नका. पीजी_बेसबॅकअप अनोळखी डिरेक्टरीही उचलतो, आणि मग ते ओझं प्रत्येक बॅकअपमधून वाहत बसाल. डेटा डिरेक्टरीच्या बाहेर, त्याच फाइलसिस्टमवर एक पायरी वर न्या, क्षणात होतं. डेटा डिरेक्टरी स्वतःच माउंट पॉइंट असेल तर ही सोय नाही. मग तात्पुरती आतच ठेवा आणि ती पुसायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

आता लिंक: 'एलएन हायफन एसटी', नवा मार्ग पूर्ण, म्हणजे तिरक्या रेघेपासून सुरू होणारा. 'टी' यासाठी की पीजी_वॉल डिरेक्टरी चुकून जागेवरच राहिली असेल तर साधं एलएन मुकाट्याने तिच्या आत लिंक करतं, आणि सर्व्हर जुन्या जागीच मजेत चालत राहतो. तुम्हाला वाटतं, हलवलं. हा प्रकार सहा महिन्यांनी डिस्क भरल्यावर कळतो.

टप्पा ८: सुरू करा

लॉग दुसऱ्या खिडकीत उघडा ठेवा. डेटाबेस अमुक वेळी बंद झाला होता आणि आता कनेक्शन घ्यायला तयार आहे, अशा दोन ओळी दिसायला हव्यात. तुम्ही नीट बंद केला होता आणि तरी रिकव्हरीचा उल्लेख आला, तर काहीतरी चुकलंय.

मग एखाद्या चाचणीच्या टेबलात एक ओळ लिहा, पीजी_स्विच_वॉल चालवा, आणि नव्या डिरेक्टरीत एलएसने फाइलची वेळ बघा. आत्ताची हवी. आर्काइव्ह असेल तर लास्ट_आर्काइव्ड_टाइम पुढे सरकली का. स्टँडबाय असेल तर पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमध्ये 'स्ट्रीमिंग' आलं का.

इशारा, सगळ्यात महत्त्वाचा: सर्व्हर नव्या जागी एकदा सुरू झाला की बाजूला ठेवलेली जुनी पीजी_वॉल शिळी झाली. त्यानंतर काही बिघडलं म्हणून ती परत जागेवर ठेवून सर्व्हर सुरू करू नका. कंट्रोल फाइल पुढच्या चेकपॉइंटकडे बोट दाखवते, तो जुन्या डिरेक्टरीत नसतो. मागे यायचं असेल तर हाच क्रम उलट दिशेने, ताज्या वॉलसह. जुनी प्रत कामाची असते ती फक्त पहिल्यांदा सुरू करण्याच्या आधीपर्यंत.

टप्पा ९: त्याच वेळेत रीबूट

टाळाटाळ इथेच होते. "चाललंय ना, कशाला हात लावायचा?" मग हात यूपीएसवाला लावतो, पावसाळ्यात. मागून घेतलेला तास संपण्याआधी मशीन रीबूट करा आणि कशालाही हात न लावता पोस्टग्रेस उठतो का बघा. शक्य असेल तर दुसरी चाचणीही करा: एफएसटॅबमधल्या ओळीतला यूयूआयडी मुद्दाम चुकवून रीबूट. पोस्टग्रेस उठता कामा नये, एसएसएच मात्र मिळालं पाहिजे. दोन्ही तसंच झालं तर टप्पा ३ बरोबर जमलाय.

टप्पा १०: आजूबाजूच्या गोष्टी

डेटा डिरेक्टरी टारने किंवा कॉपीने उचलणारी स्क्रिप्ट आता फक्त लिंक उचलेल, वॉल नाही. व्हीएमचे किंवा स्टोरेजचे स्नॅपशॉट घेत असाल तर दोन्ही डिस्कचा स्नॅपशॉट एकाच क्षणी निघतो का, हे स्टोरेजवाल्याकडून लेखी घ्या. आधी डेटाचा, दोन सेकंदांनी वॉलचा, असा स्नॅपशॉट रीस्टोरला उपयोगी नाही. तशी हमी मिळत नसेल तर पीजी_बेसबॅकअपकडे वळा.

पीजी_बेसबॅकअपने नवा स्टँडबाय उभा केला तर त्याची पीजी_वॉल डेटा डिरेक्टरीतच साधी डिरेक्टरी म्हणून येते. वेगळी हवी तर वॉलडिर पर्याय त्याच वेळी द्या. मोठ्या आवृत्तीवर जाताना नवा क्लस्टर इनिटडीबीने बनतो. तिथेही वॉलडिर द्यायचा, आपोआप काही येत नाही.

डिस्कच्या जागेचा अलर्ट नव्या माउंटवरही लावा. जुना अलर्ट जुन्या डिस्ककडेच बघत बसलेला असतो, आणि तिथे आता भरपूर जागा दिसते.

बाजूला ठेवलेली जुनी डिरेक्टरी नवा पूर्ण बॅकअप झाल्यावर आणि तो दुसऱ्या मशीनवर रीस्टोर करून पाहिल्यावर काढा. पुसण्याआधी पीडब्ल्यूडी बघा, मग सिमलिंक कुठे जातेय ते एलएस 'हायफन एल'ने बघा, आणि पूर्ण मार्ग टाइप करून पुसा. टॅबने पूर्ण होणाऱ्या नावावर विसंबू नका; पीजी_वॉल आणि पीजी_वॉल_जुनी यांची मूळ स्पेलिंगमधली पहिली सहा अक्षरं सारखीच असतात.